ओटी भरलेला खोका

आयुष्यभर मी देवांना खोक्यात घातलं, वरून झाकण ठोकलं आणि बोटीत बसवून दिलं. हे मी कुठेही बोललो की माणसं जरा लांब सरकून माझ्याकडे बघतात. म्हणून आधीच सांगतो, मी पॅकिंगवाला. कल्याणला लाकडाच्या वखारींच्या मागच्या गल्लीत माझी पत्र्याची शेड होती. सुरुवातीला टोमॅटोचे खोके केले, मग मशीनच्या पार्टांचे आणि शेवटी कृष्णाचे. शिक्षण विचाराल तर शाळेच्या बाकांना पाय लावायचं काम मी केलंय, त्या बाकांवर बसायचं तेवढं राहून गेलं. आतासुद्धा मी बोलतोय आणि सून लिहितेय. ती मध्येमध्ये चांगले शब्द घालते. ते मी काढायला लावतो, नाहीतर ओळखीचे लोक वाचतील आणि म्हणतील हा मनोहर कुठला, आमचा तर नाही.

ज्या संस्थेचं काम करायचो तिचं नाव सांगत नाही. पुढे जो गोंधळ येणार आहे तो सगळा माझा आहे, त्यांच्या नावाला कशाला चिकटवायचा. आम्ही गल्लीत त्यांना भजनवाले म्हणायचो. त्यांचे गुरुजी कधीकाळी झांजा घेऊन परदेशी गेलेले, तिकडच्या गोऱ्या पोरांना नाचायला लावलेलं, आणि ती पोरं मग डोकी भादरून गावोगाव भजन करत फिरायला लागली. ऐंशीनंतर हा प्रकार एवढा वाढला की प्रत्येक देशाला देऊळ पाहिजे, प्रत्येक देवळाला देव पाहिजे. देव जयपूरहून यायचे. पण जयपूरचं पॅकिंग ट्रकपुरतं असतं, समुद्रात ते टिकत नाही. मग देव कल्याणला उतरायचे, माझ्याकडे कपडे बदलायचे आणि पुढे मुंबईच्या गोदीत. धर्म कसा पसरला याच्यावर शिकलेले लोक भाषणं करतात. मला एवढंच ठाऊक आहे की तो आंब्याच्या फळीतून पसरला आणि ती फळी मी कापायचो.

हे काम माझ्याकडे आणलं माधवदास प्रभूंनी. हे मूळचे डोंबिवलीचे साठे, बँकेत होते. एक दिवस गळ्यात तुळशीची माळ आली आणि साठ्यांचे माधवदास झाले. संस्थेत सगळे एकमेकांना प्रभुजी म्हणतात, बायकांना माताजी. पहिल्या दिवशी ते शेडमध्ये आले तेव्हा माझ्या कानावर विडी आणि तोंडात सुकटीचा वास. त्यांनी शांतपणे वाऱ्याची दिशा बघितली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. मग नियम सांगितले. मूर्ती असेल तेव्हा विडी नाही, चप्पल नाही, आणि पॅकिंगच्या दिवशी कांदा-लसूण-मासळी नाही. मी म्हटलं, प्रभुजी, मग जेवायचं काय? ते म्हणाले, "मनोहर, आम्ही पण जेवतोच ना." त्यांच्याकडे बघून ते पटायचं, तब्येत चांगली होती.

खोका म्हणजे चार फळ्या आणि मूठभर खिळे असं लोकांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. पण वस्तू फळीला टेकली की संपली. ती मध्ये तरंगली पाहिजे, चारी बाजूंना पेंढा, आणि खोका हलवला तर आतून आवाज येता कामा नये. पेंढा असा भरायचा की घट्टही नाही आणि सैलही नाही, साधारण नवीन गादीसारखा. ही अक्कल मला मृदंगांनी दिली. बंगालकडून मातीचे मृदंग यायचे, लंडनला पाठवायचे होते. मी म्हटलं, हलले तर फुटतील ना, मग हलायलाच नको. असे गच्च आवळून बसवले की मुंगी शिरणार नाही. महिन्यांनी तिकडून निरोप आला, माती मिळाली, आता मृदंग पाठवा. माधवदास प्रभूंनी हा निरोप मला जशाच्या तसा वाचून दाखवला आणि वर म्हणाले, तिकडे कुंडीत तुळस लावतील, वाया नाही जाणार.

आणखी एकदा वरची बाजू दाखवणारा बाण मी उलटा छापला. एक हार्मोनियम खाली डोकं वर पाय करून केनियाला गेलं. वाजत होतं म्हणे. फक्त कोणी हात लावायच्या आधीच त्याचा एक सूर लागायचा.

मूर्तीची गोष्ट मात्र निराळी. संगमरवरी मूर्तीची धोक्याची ठिकाणं तीन. बासरी धरायची बोटं, नाक आणि मान. उभी पाठवली तर एक धक्का बसला की मानेवर येतं. म्हणून आडवी पाठवायची, वजन पाठीवर घ्यायचं. पहिल्याच मूर्तीला हे मी सांगितलं तर प्रभुजींचा चेहरा पडला. देव आडवा कसा पाठवायचा, ते बरं दिसत नाही. अर्धा दिवस आम्ही त्या कृष्णाच्या दोन बाजूंना उभे. शेवटी मी म्हटलं, विष्णू काय उभा झोपतो का? तो नागावर आडवाच असतो ना. माझ्याकडे नाग नाही, पेंढा आहे. प्रभुजींनी डोळे मिटून विचार केला आणि मान हलवली. शास्त्रातला माझा हा एकच विजय, तो पण नाग नव्हता म्हणून.

बोटांना आणि नाकाला गुंडाळायच्या गाद्या माझी बायको सुमन शिवायची. चाळीतल्या बायकांच्या जुन्या सुती साड्या ती गोळा करायची, धुवायची आणि आत कापूस घालून छोट्या छोट्या उश्या करायची. म्हणजे जगभरचे कृष्ण आमच्या चाळीतल्या साड्या नाकाला बांधून गेलेत. सुमनचं माहेर शहाडला, नदीजवळ. आमचं लग्न तिच्या बापाला विचारून झालेलं नाही, एवढं इथे पुरे. ती कामात माझ्याहून हुशार. हे मी आज पहिल्यांदा छापील बोलतोय, तोंडी तिला कधी सांगितलं नाही. आता ही सून तिला वाचून दाखवेल, बघू काय होतं.

जगाचा नकाशा मी असा शिकलो. इंग्लंड म्हणजे आत मेणकापड, कारण तिकडे दमट. अमेरिका म्हणजे खोक्याच्या खाली दोन आडव्या पट्ट्या, कारण तिकडे माणसं उचलत नाहीत, मशीन उचलतं. आफ्रिका म्हणजे वाळवीचं औषध. मग नव्वदनंतर एक दिवस प्रभुजी आले, पुस्तकांचे खोके बांधायचे होते. कुठे म्हटलं, तर म्हणाले रशिया. एवढंच बोलून त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला काय कळेना. मग कळलं की तिकडे इतकी वर्षं भजन पण लपून करायला लागायचं आणि हे पहिलेच खोके नाव-पत्ता घालून उघड चाललेले. मी त्यांना दूध पाजलं. बिनलसणाचं म्हटलं, तेव्हा हसले.

पण मला सांगायचंय ते न्यूझीलंडचं. ते रशियाच्या थोडं आधीचं.

तिकडे भजनवाल्यांची मंडळी मूठभर. एका जुन्या गोदामाचं देऊळ केलेलं, भिंतीवर कृष्णाचा फोटो लावून बरीच वर्षं भजन करायचे. वर्गणी काढून काढून शेवटी राधा आणि कृष्ण घ्यायचं ठरलं. प्राणप्रतिष्ठेचा दिवस काढला, मोठे स्वामी येणार, बाजूच्या देशातून माणसं येणार. मुंबईच्या ऑफिसातले लोक म्हणत होते, या वेळी मोठ्या एक्स्पोर्टवाल्या कंपनीकडून पॅकिंग करा, कल्याणच्या शेडमधून नको. माधवदास प्रभू म्हणाले, मनोहरच करणार, जबाबदारी माझी. मृदंगांच्या मातीचा निरोप स्वतः वाचलेला असताना हे म्हणाले, बघा.

त्यांनी मला समोर बसवून समजावलं. तो देश शेतीवाल्यांचा, मेंढ्यांचा. बाहेरची काडी, बी, किडा, काही आत येऊ देत नाहीत. पेंढा नको. साल असलेली फळी नको. लाकूड चारी बाजूंनी रंधलेलं. मी हे असं मनावर घेतलं की विचारू नका. उल्हासनगरहून सोफ्याच्या फोमचे तुकडे आणले. फळ्यांना असा रंधा मारला की त्यात तोंड दिसावं. शेडचा कोपरा झाडून घेतला, वर फडकं मारलं, गोणपाटावर गुडघे टेकून एक एक काडी वेचली. टेम्पोवाला बाळाराम, जवळच्या आगरी गावातला, दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, मन्या, लगीन हाय का काय घरान?

ते त्याच्या तोंडून गेलं आणि सुमनच्या कानावर पडलं.

कृष्ण आधी बांधला. मग राधेला आडवी केली. पांढरी शुभ्र, पायाच्या बोटांना लालसर रंग, डोळे जयपूरवाल्यांनी नुकते काढलेले. सुमननं तिच्या नाकाला उशी बांधली, हाताला उशी बांधली आणि मला म्हणाली, झाकण नका लावू, आलेच. ती घरी गेली आणि ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, हिरवा खण आणि मोगऱ्याचा गजरा. राधेच्या पायाशी खण पसरला, तांदूळ पाच वेळा ओंजळीनं घातले, वर नारळ ठेवला, कपाळाला हळदकुंकू लावलं. परदेशी सासरी चाललेली, ओटी न भरता कशी पाठवायची.

मी तिथे हातोडी धरून उभा. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. पेंढ्याची एक काडी सापडली म्हणून सकाळी मी स्वतःला शिवी घातलेली, आणि आता त्याच खोक्यात शेंडीसकट नारळ चाललेला. पण ते आणि हे एक आहे असं वाटलंच नाही. पेंढा हा माल. ओटी काय माल असते का? आणि मी तर अडाणी, पण माधवदास प्रभू बाजूलाच होते. बँकेतला माणूस, स्वतः मला नियम सांगितलेले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, छान केलंत हो वहिनी. शेवटी ते पण डोंबिवलीचेच. त्यांना पण त्यात काही खटकलं नाही. मी झाकण ठोकलं, पत्र्याच्या पट्ट्या आवळल्या. सुमन दारापर्यंत टेम्पोच्या मागे गेली.

मग बरेच आठवडे काही नाही. एक दिवस भर दुपारी प्रभुजी रिक्षानं आले. ते नेहमी बसनं येणार, म्हणून रिक्षा बघूनच मला कळलं की काहीतरी बिनसलं. बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, "मनोहर, त्या ओटीत काय काय होतं रे?"

मी सगळं सांगितलं. एकेका नावाला ते डोळे मिटत होते. गजऱ्याला तर त्यांनी हातच वर केला, पुरे म्हणून.

तिकडच्या बंदरावर खोका उघडलेला. आत पेंढा नाही, साल नाही, अधिकारी एकदम खूश. मग राधेच्या पायाशी तांदूळ, त्याच्यात समुद्रात जन्मलेले दोन-चार किडे, नारळाला कोंब आणि गजऱ्याचं काय झालेलं ते सांगत नाही. त्यांनी दोन्ही मूर्ती गोदामात बंद केल्या. बियाणं लपवून आणलं असा संशय घेतला. आता एकतर सगळा माल परत पाठवू म्हणतात, नाहीतर हे का घातलं ते पॅकिंग करणाऱ्यानं शपथेवर लिहून द्यावं, मग बघू. प्रतिष्ठेचा दिवस जवळ आलेला. स्वामींचं विमान ठरलेलं. तिकडे ललिता माताजी नावाची बाई रोज त्या ऑफिसात जाऊन बसते म्हणे आणि रोज तिला उद्या या म्हणतात.

प्रभुजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, वहिनींना घे, आपण ठाण्याला जाऊ.

बाळाराम स्टेशनपर्यंत सोडायला आला. उतरताना म्हणाला, "मन्या, लोकांची पोरा जेलान जातान. तू देवाला घातलास."

ठाण्याला कोर्टाच्या आवारात ताडपत्रीखाली टाइपवाले बसायचे. त्यांच्यातला एक, चष्मा कपाळावर, आणि बाजूला एक वकील, काळ्या कोटाची बाही उसवलेली. प्रभुजी इंग्रजीत सांगणार, तो टाइप करणार, वकील शिक्का मारणार. पहिली ओळ झाली, मी अमुक, राहणार कल्याण, धंदा पॅकिंग. तिथपर्यंत मी अगदी तोऱ्यात उभा होतो, माझं नाव इंग्रजीत पहिल्यांदाच उमटत होतं.

मग वकील म्हणाले, ही ओटी कोणाची भरली? मी म्हटलं, राधेची. मुलगी तुमची का? नाही. मग नात्यातली? नाही. वय काय? मी प्रभुजींकडे बघितलं. प्रभुजी म्हणाले, अहो मूर्ती आहे, दगडाची. वकिलांनी पेन ठेवलं. "दगडाची मूर्ती आहे हे तुम्हाला माहीत होतं ना? मग तिला खायचं-प्यायचं बांधून का दिलंत? साहेब तिकडे हेच विचारणार."

  मी म्हणालो, आमच्यात पद्धत आहे. टाइपवाला म्हणाला, पद्धत आहे हे इंग्रजीत फार तोकडं दिसतं.

सुमन मागे उभी होती, पदर खांद्यावरून घेतलेला. ती पुढे आली आणि टाइपवाल्याला म्हणाली, "दादा, लिहा. मुलगी घरातून निघते तेव्हा तिला रिकामी पाठवत नाहीत. लांब जाणार, तिथे तिचं कोणी नाही, म्हणून घरचं थोडं बरोबर देतात. माझी ओटी कोणी भरली नव्हती. मी तशीच निघाले. म्हणून मला ठाऊक आहे कसं वाटतं."

टाइपवाल्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. वकील म्हणाले, लिहा हो, जसं बाई म्हणतायत तसं लिहा. प्रभुजींनी ते हळूहळू इंग्रजीत सांगितलं. 

मी बाजूला उभा राहून झाडाकडे बघत होतो. लग्नाला एवढी वर्षं झालेली. तिला शहाडच्या घरातून मीच आणलेली, पुढच्या गल्लीत सायकल धरून उभा होतो. मला तेव्हा वाटलेलं, मी तिला केवढं सोडवून आणलं. ती हातात एक पिशवी घेऊन आलेली. मी पिशवीत काय आहे ते विचारलेलं, काय नाही ते कधी विचारलं नाही.

खाली सही तिची घेतली. मला अंगठा लावायला सांगितला, तर मी गडबडीत शाई शर्टाला पुसली. परत येताना सुमन फक्त एवढंच म्हणाली, तो शर्ट लिंबानं धुवायला लागेल.

कागद मुंबईहून त्या फोटो काढून पाठवणाऱ्या फॅक्स मशीनवर तिकडे गेला. मग वाट बघायची. मला काही सुचत नव्हतं तर मी लसूण सोडला. कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी सुमनशी भांडलो, तिसऱ्या दिवशी तिनंच आमटीत लसूण घातला आणि म्हणाली, तुमच्या लसणावर देव अडकलेला नाही. शेडमध्ये एक टोमॅटोवाला खोके मागायला आला, त्याला मी आवाजाचा खोका केला. म्हणजे आत काही हललं की खडखड वाजणारा. तीस टक्के टोमॅटोचा रस झाला म्हणून तो भांडून गेला. हा टक्का त्याचा, माझा हिशेब नाही.

शेवटी प्रभुजी आले ते बसनं आले. बसनं येताना बघितलं आणि मी तिथेच फळ्यांवर बसलो. मूर्ती सोडल्या होत्या. नारळ-तांदूळ-गजरा जाळला, खोका पण जाळला, मूर्तींना औषधाची धुरी दिली, आणि प्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी ललिता माताजींच्या ताब्यात दिल्या. देवळात धूप लावला तरी औषधाचा वास जात नव्हता म्हणे. माझा तो आरशासारखा रंधलेला खोका जाळला याचं मला वाईट वाटलं. तेवढं बोलून दाखवलं तर सुमननं माझ्याकडे असं बघितलं की मी रंधा घेऊन कामाला लागलो.

मला वाटलं होतं, काम जाणार. गेलं नाही. प्रभुजींनी नवीन नियम केला. ओटी भरायची, पण झाकण लावायच्या आधी काढून घ्यायची. नुसती दाखवून. मग पुढे प्रत्येक राधेची ओटी सुमन भरायची आणि तिथेच उचलून घरी आणायची. प्रसाद टाकायचा नाही, म्हणून तो भात मी खायचा. जगभरात त्यांची देवळं वाढत गेली आणि माझं पोट वाढत गेलं, दोन्हीचं कारण एकच. ब्राझीलच्या राधेच्या वेळी बासमती होता, तो अजून आठवतो.

दोन-तीन वर्षं गेली असतील. प्रभुजी एक दिवस शेडच्या दारात, आणि त्यांच्या मागे एक उंच गोरी बाई, साडी नेसलेली, कपाळाला टिळा, खांद्याला कापडी पिशवी. गल्लीतली निम्मी पोरं मागे. मी विडी विझवायच्या नादात चटका लावून घेतला. प्रभुजी म्हणाले, या ललिता माताजी. त्या यात्रेला आल्या होत्या, मथुरा-वृंदावन झालं आणि मग म्हणाल्या, कल्याणला जायचंय. सगळे म्हणाले कल्याणला काय आहे? त्या म्हणाल्या, राधेचं माहेर आहे.

बाईला थोडं हिंदी येत होतं, ते माझ्या हिंदीएवढंच वाईट, म्हणून आमचं जमलं. तिनं शेडमध्ये चारी बाजूंना बघितलं. फळ्या, भुसा, खिळ्यांचे डबे, कोपऱ्यात टोमॅटोचे खोके. मला लाज वाटली, माहेर म्हणून दाखवायला जरा तरी झाडून ठेवलं असतं. तिनं मला विचारलं, "राधा का माँ किधर?"

मी घराकडे पळत गेलो. सुमन भांडी घासत होती. हात पुसत आली.

ललिता माताजींनी सांगितलं ते प्रभुजींनी मराठीत सांगितलं. तो ठाण्याचा कागद तिकडच्या अधिकाऱ्यानं त्यांच्यासमोर वाचला. वाचून झाल्यावर त्यानं कागद उलटा ठेवला आणि विचारलं, ही मुलगी उद्या रिकामी जाणार का मग? त्याला आत काही सोडता येत नव्हतं, कायदा कायदाच. पण मूर्ती त्या दिवशीच सोडल्या. आणि प्रतिष्ठेच्या दिवशी त्या बायकांनी, ज्यांनी ओटी हा शब्द आधी कधी ऐकलेला नव्हता, आमच्या कागदावरून राधेची ओटी भरली. नारळ नव्हता, तिकडच्या झाडाचा अक्रोड ठेवला. तांदळाच्या जागी गहू. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी भरतात. नवीन आलेल्या लोकांना वाटतं हे पहिल्यापासून शास्त्रात आहे.

मग त्या बाईनं पिशवी उघडली. राधेच्या जुन्या पोशाखातला निळा तुकडा काढला, खणासारखा घडी घातलेला. मूठभर गहू काढले. पाच अक्रोड काढले. एवढ्या कडक देशाची बाई, आणि आपल्या विमानतळावर तिला कोणी विचारलं पण नाही की आत काय आहे. ती सुमनसमोर उभी राहिली आणि प्रभुजींकडे बघितलं, बरोबर करतेय ना म्हणून. प्रभुजींनी मान हलवली. सुमननं पदर पुढे धरला. बाईनं ओंजळीनं गहू घातले, एकदा, दोनदा, पाच वेळा, वर तो निळा खण, वर अक्रोड. कुंकू विसरली होती, ते बघायला आलेल्या बाळारामच्या बायकोनं आमच्या घरातून पळत जाऊन आणलं.

सुमन पदर दोन्ही हातांनी धरून तशीच उभी होती, भुशात, टोमॅटोच्या खोक्यांच्या मधे.   

गहू दळून आणले, पोळ्या झाल्या. चार अक्रोड चाळीत वाटले. पाचवा मी हातोडीनं फोडायला घेतला तर सुमननं हातोडी काढून घेतली. म्हणाली, हा नाही फोडायचा. मग कुठे ठेवायचा? ती म्हणाली, तुम्ही पॅकिंगवाले ना.

मी त्याच्यासाठी एक खोका केला. वीतभर लांब, आंब्याच्या फळीचा, चारी बाजूंनी रंधलेला. आत पेंढा घातला, इथे चालतो. अक्रोड मध्ये तरंगतो, कानाला लावून हलवला तर आवाज येत नाही. आयुष्यात केलेल्या सगळ्या खोक्यांतला हा एकच, जो कुठे पाठवायचा नव्हता. देव्हाऱ्याच्या बाजूला असतो. झाकण नुसतं वर टेकवलेलं आहे. त्याला मी खिळा मारला नाही.